अकरा ते पाच उठवू नये

आईंच्या एक्स-रेचं तपकिरी पाकीट अजून आमच्या कपाटावर पडलंय. आतली फिल्म आता कुणी बघत नाही. पण पाकिटाच्या पाठीवर माझ्या अक्षरात एका रात्रीचा हिशेब आहे, तो मी अधूनमधून काढून वाचते. दहा-दहा, बीपी. अकरा, दुखण्याचं इंजेक्शन. अकरा-चाळीस, शेजारच्या कॉटवरच्या बाई कण्हल्या, ट्यूबलाइट लागली. साडेबारा, सलाइन संपलं, यंत्र वाजलं. दोन, शुगर. सव्वातीन, बीपी आणि ताप. चार, आया, लघवीची पिशवी. पाच, तपासणीचं रक्त, मागोमाग दुखण्याचं इंजेक्शन. साडेपाच, अंग पुसणं, चादर बदलणं, चहा.

हे तक्रार करायची म्हणून लिहिलेलं नव्हतं. सकाळी आठला माझ्या जागी नवरा येणार, त्याला काय झालं नि काय राहिलं ते सांगता यावं, एवढंच. घरी येऊन मोजलं तर नऊ नोंदी निघाल्या. दोन नोंदींमधली सगळ्यांत मोठी उसंत साडेबारा ते दोन, म्हणजे दीड तास. उथळ झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप मिळून झोपेचं एक आवर्तन साधारण तेवढंच असतं. त्याच दिवशी खुब्याचं ऑपरेशन झालेल्या ८० वर्षांच्या बाईला त्या रात्री फार तर एक आवर्तन मिळालं असेल. तेही दुखत असताना.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. डिसेंबर २०२४ मध्ये लोकमान्यनगरच्या घरी बाथरूममध्ये पाय घसरला, डावा खुबा मोडला, दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ऑपरेशन झालं. ते उत्तम झालं, सर्जनविषयी माझी एका अक्षराची तक्रार नाही. इंदूरमधल्या त्या खासगी रुग्णालयाचं नावही मी सांगणार नाही. ओळखीपाळखीच्या चार घरांतून ऐकल्यावर माझी खात्री झालीय की पाकिटं वेगवेगळी असली तरी हिशेब बहुतेक असाच निघतो.

गुरुवारी सकाळी राउंडवरच्या तरुण डॉक्टरने विचारलं, "अम्माजी, आज कौन सी तारीख है?" आई म्हणाल्या, "मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार." तो हसला आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. आई बरोबर होत्या. आपला महिना अमावास्येनंतर सुरू होतो आणि इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेनंतर, त्यामुळे त्या डॉक्टरच्या आजीला विचारलं असतं तर अगहनचा, म्हणजे त्यांच्या मार्गशीर्षाचा, हा दुसरा गुरुवार नव्हेच, असं तिने ठणकावून सांगितलं असतं. तीन पिढ्या इंदुरात काढूनही आम्ही अजून या पंधरा दिवसांच्या फरकात राहतो. पण मुद्दा असा, की गुरुवारी सकाळी आईंचं डोकं ठिकाणावर होतं.

रात्री ते गेलं. दीडच्या सुमाराला त्या उठून बसायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "राजवाडा पेटलाय, पोरांना वर घ्या." १९८४च्या दंगलीत इंदूरचा राजवाडा खरोखरच जळला होता. आई तेव्हा आडा बाजारात राहायच्या, धूर त्यांनी गच्चीवरून पाहिला होता. मॉनिटरवरचा लाल आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर लुकलुकत होता. त्यांनी हाताची सुई उपसली, चादरीवर रक्त सांडलं. मी हात धरला तर मला म्हणाल्या, "तुम्ही कोण?" आयुष्यभर भाजीवाल्याशी, बँकेत, शेजारणींशी अस्खलित हिंदी बोललेली ही बाई त्या रात्री हिंदीचा एक शब्द बोलली नाही. ड्युटीवरची सिस्टर केरळची होती, तिचं हिंदीच कष्टाने कमावलेलं. तिने नोंद केली, असंबद्ध बडबड. ती अर्धी असंबद्ध होती आणि अर्धी मराठी.

शुक्रवारी दिवसभर आई डोळे मिटून पडून होत्या. हाक मारली की "हं", पुढे काही नाही. घास तोंडात तसाच. बघायला आलेले सगळे म्हणाले, "झोपू दे, आता आराम पडलाय." फाइलमध्येही आराम पडल्याचंच लिहिलं गेलं. खरं तर तो कालच्याच गोष्टीचा दुसरा चेहरा होता, आणि तोच जास्त फसवा.

डॉक्टरी भाषेत याला डिलिरियम म्हणतात. मराठीत शब्दांची ददात नाही. भ्रम झाला, बरळायला लागल्या, वात झाला, चळ लागला, आणि सगळ्यांत निष्ठुर म्हणजे म्हातारचळ. यातल्या प्रत्येक शब्दात दोष माणसाच्या वयाकडे नाहीतर नशिबाकडे जातो. वॉर्डाकडे एकाही शब्दाचं बोट जात नाही. म्हणून हा लेख.

डिलिरियम हे विस्मरणाच्या आजारासारखं वर्षानुवर्षं हळूहळू येत नाही. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत येतं, आणि दिवसात चढउतार होतो. सकाळी माणूस नेहमीसारखा बोलतो, संध्याकाळी घरच्यांना ओळखत नाही. मुख्य मोडते ती एकाग्रता. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले तर शनिवारपाशीच गाडी अडते. आरडाओरडा करणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. गप्प पडून राहणारा दिसत नाही, कारण त्याचा कुणाला त्रास नसतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या रुग्णांत हे विलक्षण प्रमाणात होतं, पाचांतल्या एकापासून ते काही पाहण्यांत निम्म्यांपर्यंत. आणि "दोन दिवसांत जाईल" म्हणून सोडून द्यावं इतकं ते निरुपद्रवी नाही. ज्यांना होतं ते जास्त दिवस रुग्णालयात राहतात, जास्त पडतात, पुढच्या काळात त्यांच्यात मृत्यूचं आणि कायमच्या विस्मरणाचं प्रमाण जास्त आढळतं. आमच्या ओळखीतले एक काका ऑपरेशनला स्वतः रिक्षात बसून गेले होते. परत आल्यावर त्यांना घराचं दार कोणत्या बाजूला ते पुन्हा कधी नीट समजलं नाही.

आता भुलीविषयी. आईंना भेटायला आलेल्या प्रत्येकाचं निदान एकच, "अजून भूल उतरली नाही." मराठीत हा शब्दच असा आहे की सगळं त्याच्यावर ढकलता येतं. भूल दिली जाते, भूल पडते, भूलचूक होते, रानात भूल लागून माणूस तिथल्या तिथे फिरत राहतो. पण आईंना पूर्ण भूल दिलेलीच नव्हती, पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता. आणि ही एकट्या आईंची गोष्ट नाही. अमेरिका आणि कॅनडात खुब्याचं हाड मोडलेल्या १६०० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. निम्म्यांना पाठीतली भूल, निम्म्यांना पूर्ण. डिलिरियमचं प्रमाण पाठीतल्या भुलीत २०.५ टक्के, पूर्ण भुलीत १९.७ टक्के. म्हणजे फरक नाही. भूल किती खोल द्यावी, सोबत गुंगीचं काय द्यावं, हे प्रश्न भूलतज्ज्ञांसाठी उरतातच. पण ऑपरेशन थिएटरचं दार मिटल्यानंतरच्या रात्रींकडे आपण बघतच नाही, ते बघावं लागेल.

भूल म्हणजे झोप, हे आधी डोक्यातून काढून टाकू. "दुपारी चार तास झोपल्याच होत्या की" असं कुणी म्हणालं तर तो हिशेब चुकतो. मोठ्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक-दोन रात्री गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही कोसळतात, आणि पुढे तिसऱ्या-चौथ्या रात्रीकडे स्वप्नांची झोप उसळून परत येते. शरीराला बसलेला धक्का, अंगातला दाह, वेदना, अफूच्या कुळातली वेदनाशामकं, सगळ्यांचा यात हात असतो. अंधार पडल्यावर मेंदूला रात्र झाल्याचं सांगणारं मेलॅटोनिन वयानुसार कमी होतं आणि रात्री डोळ्यांवर उजेड पडला की आणखी दबतं. म्हाताऱ्या माणसाचं झोपेचं भांडवल मुळात थोडं. ऑपरेशन त्यातलं निम्मं खातं, ते टाळता येत नाही. उरलेलं निम्मं आपण ट्यूबलाइट लावून खातो.

हे टाळता येतं याचा पुरावा बराच जुना आहे. येल विद्यापीठातल्या शॅरन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या शुश्रूषेत १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झालं. ज्यांच्यासाठी ठरवून काही साध्या गोष्टी केल्या, त्यांच्यात ९.९ टक्के. साध्या म्हणजे किती साध्या? दिवसा चालवणं, बोलतं ठेवणं, पुरेसं पाणी, चष्मा आणि कानाचं यंत्र जागेवर. आणि झोपेसाठी झोपायच्या वेळी गरम दूध किंवा काढा, संथ संगीत, पाठ चोळून देणं, गोळ्या कुटायची आवाज न करणारी साधनं, शांत ठेवलेले व्हरांडे, आणि रुग्णाला उठवावं लागू नये म्हणून औषधांच्या बदललेल्या वेळा. दूध आणि पाठ चोळणं हे सांगायला आमच्या आजेसासूबाईंना येलची गरज नव्हती, असं म्हणायचा मोह होतो. पण आजेसासूबाईंनी मोजलं नव्हतं. इनोयेंनी मोजलं, म्हणून आज डॉक्टरांशी वाद घालायला हाताशी काही आहे. ते रुग्ण मेडिसिनच्या वॉर्डातले होते, ऑपरेशनचे नव्हते, हे खरं. पण २००१ मध्ये खुबा मोडलेल्या १२६ रुग्णांत वृद्धांच्या डॉक्टरने ऑपरेशनच्या आधीपासून किंवा लगेच नंतर रोज लक्ष घातलं, तेव्हा प्रमाण ५० टक्क्यांवरून ३२ वर आलं. ब्रिटनच्या २०१० च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्टच आहे, झोपेच्या वेळात शुश्रूषेची आणि तपासणीची कामं शक्यतो करू नयेत, औषधांच्या फेऱ्या झोप मोडणार नाहीत अशा ठेवाव्यात.

एकट्या झोपेला सगळं श्रेय देणं मात्र लबाडी होईल. या कार्यक्रमांत झोप हा अनेक धाग्यांतला एक धागा होता, आणि त्याचा वाटा सुटा काढणं अवघड आहे. शिवाय डिलिरियम स्वतःच झोप उधळतं, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय, हा गुंता राहतो. मेलॅटोनिनच्या गोळ्यांच्या चाचण्यांत कधी फायदा दिसला, कधी काहीच नाही. पण बेल्जियममध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना रात्री नुसते कानात घालायचे बोळे दिले, तेव्हा गोंधळाचं प्रमाण कमी झाल्याचं २०१२ मध्ये दिसलं. कानातल्या बोळ्याची किंमत चहाच्या कपापेक्षा कमी. इतक्या स्वस्त आणि इतक्या निरुपद्रवी उपायासाठी शेवटचा पुरावा येईपर्यंत थांबायचं कारण काय, ते मला कुणी सांगावं.

आणखी एक सावधगिरी. माणूस अचानक बरळायला लागला तर "झोप झाली नाही" म्हणून घरच्यांनी स्वस्थ बसू नये. लघवी तुंबलेली असते, सोडियम उतरलेलं असतं, ऑक्सिजन कमी पडतो, छातीत नाहीतर लघवीत जंतुसंसर्ग असतो. डॉक्टरला बोलवून हे सगळं बघायला लावायचं. मी बोलते आहे ते त्याच्या आधीच्या रात्रीबद्दल.

आईंच्या त्या रात्री काय झालं? फोनवरून आदेश आला, झोपेची एक गोळी द्या. गोळीने आई तासभर गुंगल्या आणि उठल्या त्या जास्त भ्रमिष्ट होऊन. मग हाताला पट्टी बांधली गेली. नंतर वाचलं तेव्हा कळलं, वृद्धांना टाळावीत अशा औषधांच्या अमेरिकेतल्या प्रसिद्ध यादीत हे झोपेच्या गोळ्यांचं घराणं वर्षानुवर्षं बसलेलं आहे. लोराझेपाम, अल्प्राझोलाम, डायाझेपाम. सर्दी-खाजेवरची गुंगी आणणारी जुनी औषधंही त्याच यादीत. गुंगी आली की घरच्यांना वाटतं झोप आली, पण तसं नसतं. उलटी बाजूही सांगते. जो माणूस वर्षानुवर्षं रोज अशी गोळी घेतोय, किंवा रोज पितोय, त्याचं ते ऑपरेशनच्या दिवशी एकदम तोडलं तर त्यातूनही भ्रम होतो. पिण्याचं आपल्या घरांत लपवलं जातं, त्यातून मराठी घरांत जास्तच. भूलतज्ज्ञाला खरं सांगावं. तो काही तुमच्या पंगतीला बसणार नाही.

पुन्हा पाकिटाकडे येते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. नऊ नोंदींतल्या आवश्यक किती? ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री बीपी बघायलाच हवं, रक्तस्राव झाला तर तिथेच कळतं. ते दहा-दहाचं आणि सव्वातीनचं मी आनंदाने सोडते. पण दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीही, सगळे आकडे स्थिर असताना, त्याच वेळांना तेच झालं. दुखण्याचं इंजेक्शन सहा तासांनी होतं. अकरा आणि पाच या वेळा नशिबाने चांगल्या पडल्या होत्या, आणि ते चुकवून चालणार नाही, कारण न शमवलेली वेदनाही भ्रमाला आमंत्रण देते. मग पाचचं रक्त पाचच्याच इंजेक्शनबरोबर घेता आलं असतं. तसं झालं नाही, इंजेक्शनवाली सिस्टर वेगळी आणि रक्त नेणारा मुलगा वेगळा, दोघे वीस मिनिटांच्या अंतराने आले. रक्त पाचला का? कारण आठच्या राउंडला रिपोर्ट हवा. सातला नेलं असतं तर राउंडला रिपोर्ट नसता, एवढंच. दोनची शुगर? आईंना मधुमेह नाही. ऑपरेशनच्या दिवशी एकदा आकडा वर गेला म्हणून कुणी "सहा तासांनी" लिहिलं, आणि ते खोडायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. सलाइन साडेबाराला संपणार हे साडेनऊलाच दिसत होतं. लघवीची पिशवी अकराला रिकामी करता आली असती. आणि साडेपाचचं अंग पुसणं हे केवळ रात्रीची पाळी सुटण्याआधी काम उरकलेलं दिसावं म्हणून.

म्हणजे शंभरातली ऐंशी उठवणी कुणाच्या वाईटपणाने होत नाहीत. औषधाच्या कागदावर औषध लिहिलेलं असतं, डोस लिहिलेला असतो, वेळ लिहिलेली असते. झोप कुठेच लिहिलेली नसते. जे लिहिलेलं नाही ते मोडायला कुणाची परवानगी लागत नाही. माझी मागणी एका ओळीची आहे. ६५ वर्षांवरच्या प्रत्येक रुग्णाच्या ऑर्डर शीटवर, पहिली रात्र सुखरूप गेल्यावर, डॉक्टरने सही करून लिहावं, 'रात्री अकरा ते पाच उठवू नये', आणि खाली अपवाद. ताप, दम, रक्तस्राव, न थांबणारं दुखणं. उठवलं तर कारण लिहायचं. अँटिबायोटिकचा डोस चुकला तर जसं विचारतात, तसं झोप मोडली तर विचारलं पाहिजे.

यावर मला पहिलं उत्तर मिळालं ते नर्सिंगच्या माणसांचं, आणि ते वजनदार आहे. एका सिस्टरकडे रात्री वीस कॉट. ती सगळ्यांचं सोयीने करायला लागली तर कधी करणार? खरं आहे. नर्स कमी आहेत आणि त्यांना पगार कमी आहेत, हे झोपेच्या लेखात सुटणार नाही. पण केरळच्या त्याच सिस्टरने मला तिसऱ्या रात्री सांगितलं, "दीदी, अम्मा सोएगी तो मेरा भी काम कम है." एक भ्रमिष्ट रुग्ण आवरायला रात्रीचे दोन तास आणि तीन माणसं लागतात. दोन फेऱ्यांतली कामं एका फेरीत बसवली तर चालणंही कमी. दुसरा आक्षेप पाठीला जखमा होण्याचा. खुब्याच्या रुग्णाला कूस बदलून द्यावीच लागते. त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. हवेची गादी, आणि कूस बदलायचीच आहे त्याच वेळी बाकीचं उरकणं, एवढंच सुचतं.

आणि आपण? वॉर्डातला निम्मा आवाज आपला असतो. रात्री साडेनऊला आत्या, तिची जाऊ आणि जावेची मुलगी डबा घेऊन येतात. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत निघालेली भाचरं "जाता जाता" डोकावतात, आणि सराफा तर रात्री नऊनंतरच रंगतो. मोबाइलवर व्हिडिओ पूर्ण आवाजात. आमच्याकडे कहर म्हणजे न्यू जर्सीचा नातू. त्याला ऑफिसला जायच्या आधी आजी बघायची असते, म्हणजे इथे रात्रीचे सात नाहीतर आठ, आणि सुट्टीच्या दिवशी तो उशिरा उठतो म्हणून साडेदहा. डोळ्यांवर तो निळा उजेड धरून मी स्वतः आईंना म्हटलंय, "आई, बघा कोण आहे, ओळखलंत का?" ओळखीची परीक्षा घ्यायची हौस आपल्याला फार. त्यापेक्षा "आई, मी सुनीता, आज शुक्रवार, आपण दवाखान्यात आहोत, पाय दुरुस्त झालाय" असं सांगणं बरं.

पण याच नातेवाइकांत आपलं बळही आहे. येलच्या कार्यक्रमाला स्वयंसेवक शिकवून तयार करावे लागले, कारण तिथे रुग्णाजवळ रात्री घरचं माणूस नसतं. आपल्याकडे प्रत्येक कॉटशेजारी एक माणूस फुकट बसलेलं असतं, रुग्णाची भाषा जाणणारं, त्याच्या सवयी माहीत असलेलं. त्याला पास, एक बाकडं आणि एक पातळ ब्लँकेट देतात, आणि औषधं आणायला पाठवतात. काय करायचं ते सांगत नाहीत. ऑपरेशनला नेताना आईंचा चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्र एका पिशवीत घालून माझ्या हाती दिलं, मी ते जपून पर्समध्ये ठेवलं आणि दोन दिवस पर्समध्येच राहिलं. बहिरी, आंधळी आणि बोळकी होऊन पडलेल्या बाईला आपण तारीख विचारत होतो. दिवसा पडदे बंद, कारण "त्यांना झोपू दे". दिवसा उजेड, उठून बसवणं, चार शब्द, आणि रात्री अंधार, एवढं एका कागदावर हिंदी-मराठीत छापून बाकड्यावरच्या माणसाच्या हाती दिलं तर खर्च दोन रुपये. 'सानंद' या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना दाटीवाटीने जमणारी आमची निवृत्त मंडळी दोन-दोन तास मराठी म्हाताऱ्यांशी वॉर्डात गप्पा मारायला गेली, तर तेही औषधच ठरेल. गावच्या चौकशा आणि सुनांच्या तक्रारी, दोन्ही शब्दशः डॉक्टरी उपयोगाच्या.

रस्त्याचं काय? कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि तिथे रात्री दहा ते सहा आवाजाची मर्यादा ४० डेसिबल. जागतिक आरोग्य संघटना तर वॉर्डाच्या आत रात्री ३० म्हणते. मार्गशीर्षात लग्नाच्या वराती डीजे घेऊन कुठून जातात ते इंदूरकरांना मी काय सांगू. पण याच इंदूरने २०१७ पासून स्वच्छतेत देशाला वर्षानुवर्षं मागे ठेवलं. आम्ही काही जन्मतः स्वच्छ नव्हतो, २०१७ च्या आधी आलेल्या पाहुण्यांना विचारा. घरोघरची गाडी रोज आली, ओला-सुका वेगळा आहे का ते दारात बघितलं गेलं, नोंद झाली, आणि आमच्या आईही चहाचा चोथा वेगळ्या डब्यात टाकायला शिकल्या. जे शहर चहाच्या चोथ्याचा हिशेब ठेवू शकतं ते वॉर्डात किती वाजता कुणाला उठवलं याचा ठेवू शकत नाही, हे मला पटत नाही.

भरीला आता पैसा सरकारचाही आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत ७० आणि त्यावरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. म्हणजे येत्या वर्षांत म्हाताऱ्यांचे खुबे, गुडघे, पित्ताशयं मोठ्या संख्येने सरकारी पैशाने होणार. जो पैसे देतो त्याला अटी घालता येतात. किती ऑपरेशनं झाली हे विचारणाऱ्याने ऑपरेशननंतर किती जणांना भ्रम झाला हेही विचारावं. ते कळण्यासाठी आधी कुणीतरी रोज दोन मिनिटं रुग्णाला वार उलटे म्हणायला लावले पाहिजेत, त्याला समजेल त्या भाषेत. आणि उत्तर गुरुवारात आलं तर पंचांग बघावं.

आईंचं डोकं सहाव्या दिवशी बरंचसं ताळ्यावर आलं, पुरतं यायला घरी तीन आठवडे लागले. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, ऑपरेशननंतरचा काळ समाधानकारक. राजवाडा, उपसलेली सुई, बांधलेले हात, यातलं एकही अक्षर नाही. एकदा डिलिरियम झालेल्याला पुढच्या ऑपरेशनला ते पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो, आणि पुढच्या डॉक्टरला हे कार्डच दिसणार. मी परत जाऊन ते लिहून मागितलं. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, सिस्टममध्ये आता बदल होत नाही.

म्हणून आईंच्या चष्म्याच्या डबीत मी एक चिठ्ठी घडी करून ठेवलीय. 'डिसेंबर २०२४ मध्ये ऑपरेशननंतर पाच दिवस भ्रम झाला होता. झोपेची गोळी विचारल्याशिवाय देऊ नये. डाव्या कानाने ऐकू येत नाही. चष्मा, कवळी, यंत्र शुद्धीवर आल्याबरोबर द्यावं. मराठीत बोलावं. रात्री अकरा ते पाच उठवू नये.' आईंनी ती वाचली आणि खाली स्वतःच्या थरथरत्या अक्षरात एक ओळ वाढवली, 'चहा सातला.'